परंतु वगळून

२ मार्च
वॉर्डातून उभं राहायचं पक्कं. पत्रकासाठी यादी केली. स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या, जिन्याचा कठडा, शाळेचे बाक, मेहुण्याच्या दुकानाचं काउंटर (मजुरी घेतली नाही), बेडरूममधलं कपाट. कपाटाचं दार फक्त मला उघडता येतं. बायको म्हणाली, कपाट यादीतून काढा. काढणार नाही. सुतारकी कुणाकडे शिकलो नाही, कायदाही शिकणार नाही. वाचणार.

५ मार्च
स्थानिक निवडणुकांचा राज्याचा कायदा वाचला. कलम अकरा आरशासारखं स्वच्छ: नगरपालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक घेतलीच पाहिजे. मुदत ३० जूनला संपते. म्हणजे मतदान रविवारी, २८ जूनला. वकिलाला हेच सांगायला फी लागते.
कलमाखाली बारीक टायपात ‘परंतु’नं सुरू होणारा एक परिच्छेद आहे. मी परंतु वाचत नाही. तीस वर्षं गिऱ्हाइकांचे परंतु ऐकतोय. त्यात टाळाटाळीशिवाय काही नसतं.

११ मार्च
पालिकेच्या हेडक्लार्कनं बोलावलं. मतदानाला लागणारे लाकडी आडोसे करून हवेत. तुमच्यासारखी बिजागरी कुणी बसवत नाही, म्हणाला. (खरं आहे.)
मेहुण्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, भाऊजी, पालिकेचं कंत्राट घेतलं तर उभं राहता येत नाही, कलम अठरा. कामं काय, छप्पन्न येतील. तपासलं. बरोबर आहे. पोराला डोकं आहे. धंदा प्लायवूडचा असला तरी.
काम नाकारलं. रक्कम इथे लिहीत नाही. पैशाचा हिशोब ठेवायला ही डायरी नाही. बायकोला सांगितली. ती बराच वेळ भांडी घासत होती. भांडी स्वच्छच होती.

२९ मार्च
प्रचाराच्या पाट्या तयार. चांगलं लाकूड, अक्षरं कोरलेली: ‘२८ जून. मत कसलेल्या हाताला.’ मेहुणा म्हणाला, भाऊजी, तारीख खडूनं लिहिली असती तर? मी म्हटलं, बाबा, कायदा काय खडूनं लिहिलेला असतो? तो चहा संपवून निघाला. पटलं असणार.

२६ एप्रिल
निवडणूक पुढे जाणार अशी अफवा. चहाच्या टपरीवर चौघांना कलम अकरा तोंडपाठ म्हणून दाखवलं. चौघंही उठून गेले. वॉर्डाला उमेदवार पेलायला वेळ लागेल.
बायको काहीतरी सांगायला आली होती. मी घाईत होतो.

८ मे
सरकारचा आदेश निघाला. पालिकेची मुदत वाढवली. निवडणूक दीड वर्षानं, राज्याच्या निवडणुकीबरोबर.
पुस्तक घेऊन हेडक्लार्कसमोर उभा राहिलो. म्हटलं, कलम अकरा! त्यानं चष्मा लावून पुढचा परिच्छेद वाचला: ‘परंतु, खर्च वाचत असल्यास राज्य सरकार मुदत वाढवून दोन्ही निवडणुका एकत्र घेऊ शकेल.’ माझ्या पेन्सिलीच्या रेघा त्याच्या बरोब्बर वर थांबल्या होत्या. मी म्हटलं, टाइप बारीक आहे. तो म्हणाला, हो, आहे खरा.
मग म्हटलं, आता मी उमेदवार नाही, आडोशांचं काम द्या. म्हणाला, ते मार्चमध्येच दिलं. एकत्र निवडणुकीमुळे आता दुप्पट झालंय. कुणाला दिलं? खिडकीबाहेर बघत म्हणाला, बाहेर कुठे गेलंय, तुमच्याच घरात आहे की.

९ मे
मेहुण्याकडे गेलो. काउंटरवर कोपर टेकून उभा होता. माझ्या काउंटरवर. नाकबूल नाही झाला. म्हणाला, भाऊजी, तो परंतु मी वाचला होता. तुम्ही वाचत नाही म्हणालात, मग मी काय जबरदस्ती करू? वर म्हणतो, बिजागऱ्या माझ्या पोरांना जमत नाहीत, रोजावर याल का?
याच्या लग्नात मांडव मी घातला होता!
घरी आलो. संबंध संपला म्हणून जाहीर केलं. बायको म्हणाली, त्याला काम मिळाल्याचं मला एप्रिलमध्ये कळलं. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगायलाच आले होते. ‘पण’ म्हटल्याबरोबर तुम्ही उठून गेलात.

१८ मे
मेहुण्याच्या गोदामात बिजागऱ्या बसवतोय. राग वेगळा, काम वेगळं. आणि आडोसे माणसासाठी नाहीत, लोकशाहीसाठी आहेत. प्लायवूड फार डुगडुगतं. खाली पाचरी लागल्या. सुकलेलं लाकूड दुसरं कुठे नव्हतं, म्हणून माझ्या पाट्या फाडल्या. ‘२८ जून’ प्रत्येक आडोशाखाली आतल्या बाजूला गेलंय. आता एकही हलत नाही.
संध्याकाळी मेहुण्यानं दिवसाचा रोज हातात ठेवला. नऊशे. मोजून घ्या भाऊजी, म्हणाला.
नोंद अर्धवट राहू नये म्हणून. ११ मार्चला नाकारलेलं काम: मतदानाचे लाकडी आडोसे, दोनशे नग, बिजागऱ्यांसह. रक्कम: तीन लाख चाळीस हजार.