गोपीचंदच्या नडगीवरची पट्टी

आपल्या जमुनाच्या लग्नाचं साल, कार्तिक, मंगळवार सकाळ.

शामकला सूनबाई,

तू धान कापायला गेलीस आणि मागोमाग निरोप आला. मी नवेगावला निघालो आहे. निरोप्या दारात उभा राहून घाई करतो आहे. तुझा नवरा गोपीचंद अजून आत झोपला आहे, त्याने काही ऐकलं नाही. ही चिठ्ठी तांदळाच्या मडक्यात ठेवतो, तिथे त्याचा हात कधी जात नाही.

गोपीचंदच्या नडगीवरची पट्टी आज बदलायची आहे. कुऱ्हाडीची जखम भरत आली, पण फडकं खपलीला चिकटलं आहे. तो म्हणेल, "ओढून टाक ना एकदाची, कायले जीव खाऊन राहिली?" ऐकू नको. साबणाने हात धू. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून पट्टी भिजू दे. सुटली नाही तर पुन्हा भिजव. मग कडेने, कातडी दाबून धरत, हळूहळू सोडव. रक्त आलं तर स्वच्छ फडकं दाबून धर. पू किंवा घाण वास असला तर त्याला देवरीच्या दवाखान्यात ने. त्यासाठीच गाडी घरी ठेवली, मी पायी जातो.

कोरडी पट्टी बांधून, त्याला पोटभर जेवू घालून मगच पुढचं सांग. पाप लागलं तर मला लागेल. आधी सांगितलंस तर तो कपड्यांसकट तळ्यात उतरेल आणि तसाच ओल्या पायाने माझ्यामागे येईल. सुतकाची आंघोळ घरीच घाल, पाय पाटावर कोरडा ठेवून. म्हणावं, खांदा द्यायला मी आहे.

त्याला अंगाखांद्यावर वाढवणारा त्याचा काका, माझा धाकटा भाऊ टेकचंद, आज पहाटे वारला.

सुकराम