पंचमीआधी बुजवलेला चर

बुलढाणा, २० जुलै १९६२

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

वि. वि. घरात नळ येतोय! मागल्या खेपेला आडाचं पाणी ओढून तुझा गुडघा सुजला आणि तू तिसऱ्याच दिवशी परतलीस, ते मला फार लागलं. नळ झाला की महिनाभर राहीन म्हणाली होतीस. आता शब्द पाळ. बोर्डिंगात आपण दोघी एकाच नळाखाली तोंड धुवायचो आणि सिस्टर रागवायच्या, आठवतं?

ठेकेदार गुलाबराव भले, पण तोंडाळ. चर खोदणं-बुजवणं तुमचं, पाइप अन् जोड माहे, पानी सोडून जोड पाह्यल्याबिगर माती लोटू नका, असं त्यांनी मला बजावलंय.

वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी शकूताई

नागपूर, २८ जुलै

ती. गं. भा. शकूताईस चारूचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पंचमी झाली की निघते, मलकापूरहून एस.टी. धरीन. हे म्हणतात, ताईंनी नळ पाण्यासाठी नाही, मला डांबून ठेवायला घेतलाय! पण नागपंचमीला अंगणात उघडा चर नको हं. आई त्या दिवशी विळीलासुद्धा हात लावू देत नसे.

भांडणासकट लोभ असू द्यावा.

तुझी चारू

बुलढाणा, ८ ऑगस्ट

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

वि. वि. येऊ नकोस अशी तार करावी लागली. पंचमीला जमीन उघडी नको म्हणून आदल्या दिवशीच मी चर बुजवून घेतला, वर सारवून रांगोळी काढली. सकाळी पाणी सुटलं आणि मातीखाली जोड गळू लागला. कुदळ लावता येईना. आणि रस्त्यावरची चावी बंद करायला गुलाबराव कुठे होते? सणाला धाड गावी, बहिणीकडे! तुझ्या खोलीची भिंत भिजून खचली, आत चिखल झाला.

ते परतल्यावर मी म्हटलं, जोड तुमचा. ते म्हणाले, मंग माती कोनं लोटली? दोघांचंही खरं. शेवटी जोड त्यांनी पुन्हा करायचा, खोदणं आणि भिंत माझ्याकडे, असं ठरलं.

खोली वाळली की ये. रागावू नकोस.

शकूताई

बुलढाणा, ३० ऑगस्ट

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. लेकीच्या बाळंतपणासाठी जबलपूरला चाललीस, यंदा इकडे जमणार नाही. योग्यच आहे, लेकीला आईच हवी.

काल नळ झाला. चर उघडा ठेवूनच तपासला. गुलाबरावांनी रस्त्यावर चावी फिरवायची आणि पाणी आलं की मी आतून हाक द्यायची. पाणी आलं. मी हाक दिली, पण ती त्यांना ऐकूच गेली नाही. मोठ्यानं बोलायची सवयच राहिली नाही गं. शेवटी त्यांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, बाई, जोरानं आवाज द्याले घरात दुसरं कोनी नाही का?

मी नाही म्हटलं. ते मात्र त्यांना ऐकू गेलं.

बाळाची खुशाली कळव. आहे ती ओढ राहू दे.

तुझी शकूताई