कोपऱ्यातला डाग

प्रिय अप्पा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे? ताई रोज तेल लावते ना?

छापखान्यात जुन्या वस्तीच्या चित्राच्या नव्या प्रती काढल्या. वस्ती केव्हाच पाडली, उरली ती चित्रातच. छापण्याआधी मूळ चित्राच्या फोटोवरचे डाग पुसायचं काम माझं. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात, तुम्हाला ठाऊकच आहे.

काल एक म्हातारे घड्याळजी आले. प्रतीवर भिंग धरून म्हणाले, "या कोपऱ्यावर माझ्या आजोबांची टपरी होती." तिथलाच काळा ठिपका मी पुसला होता. मालक शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "मूळ चित्रातच नाही हो."

"मग माझंच चुकत असेल. उगाच त्रास दिला तुम्हाला," म्हणत ते निघून गेले.

मग मी मूळ चित्र भिंगाखाली धरलं. ठिपक्याला छप्पर होतं, अप्पा. खाली माणूस बसला होता.

मालकांना अजून सांगितलेलं नाही.

आईच्या फोटोवर डाग पडलाय, साफ करायला पाठवतो, असं तुम्ही लिहिलंत. नका पाठवू. माझ्या हातात नको.

तुमचा,
धाकटा