जादूचं पहिलं पान

३ मार्च, रविवार, सकाळी

परवा सकाळी मी पाकीट घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. गेलाच नाही असं उद्या कुणी म्हणायला नको. हात मनगटापर्यंत आत घातलाही होता. तेवढ्यात मागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात एकच पोस्टकार्ड. मी म्हणालो, तुम्ही टाका आधी. त्यांनी टाकलं, गेल्या. मग मी पेटीकडे पाहिलं, पेटीने माझ्याकडे पाहिलं. पाकिटासकट घरी आलो.

पाकिटात मुलीचा फॉर्म. काचकाम शिकवणारी संस्था, दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथेच राहायचं, चार वर्षं. फॉर्मवर माझी सही आहे, म्हणजे माझा विरोध नाही हे उघड आहे. पाकीट देवाच्या कोनाड्यात, अंथरलेल्या कागदाखाली ठेवलं. लपवलं नाही. त्याच्या पायाशी ठेवलं. पुढचं त्याने बघावं. शेवटची तारीख ५ एप्रिल, ती त्याला माहीत असणारच.

मुलीने विचारलं, बाबा, टाकलंत ना? मी म्हणालो, झालं ते काम. ठेवण्याचं काम झालंच होतं.

संकल्प: सोमवारी टाकणे.

६ मार्च

सोमवारी ढगाळ. मंगळवारी पेटीवर कावळा बसलेला, कशाला उठवायचा. आज बुधवार. बुधवार मला कधीच मानवलेला नाही.

हिने कोनाडा पुसला, कागद बदलला. संध्याकाळी पाहिलं तर पाकीट जागच्या जागी, नव्या कागदाखाली. हिचं कामात लक्ष नसतं, ते असं कधीतरी पथ्यावर पडतं. पाकीट जरा पातळ वाटलं. कागद वाळतो.

९ मार्च

मुलीला काचेचं वेड माझ्यामुळे लागलं, हे कुणी बोलून दाखवत नाही. शाळेच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, दिवे तपासणं, फुटलं की वहीत लिहिणं. ती सहा वर्षांची असताना मी तिला काचेचा हंस दिला. बाबांनी बनवला, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मी कधी नाही म्हटलेलं नाही. काचेची नळी ज्योतीवर धरून काटकोनात वाकवणं मला येतं. हंस म्हणजे तरी काय, थोडे जास्त काटकोन.

१० मार्च, रविवार

मुलीने गेम बनवला आहे. मला खास बोलावलं. हल्ली ती माझ्याशी कामापुरतं बोलते, म्हणून ताबडतोब हो म्हणालो.

सोंगट्या नाहीत, पट नाही. सगळं तोंडी. ती गोष्ट चालवते, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि अडचण आली की आपण काय करू ते सांगायचं. खेळणारे चौघे: मी, ही, चष्म्याच्या दुकानवाला मेहुणा, आणि मुलीची मैत्रीण लवंगी. अंगाने एवढीशी, पण बोलली की कानठळ्या बसतात.

गोष्ट जादूच्या शाळेतली आहे. शाळेची घंटा तळघरात कोंडली गेली आहे. घंटा वाजत नाही तोवर सत्र संपत नाही आणि एकाही विद्यार्थ्याला घरी जाता येत नाही. मी म्हणालो, शाळा चालू राहिली तर बिघडलं कुठे? मुलीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

माझं पात्र: पहिल्या वर्गात नऊ वेळा राहिलेला, पांढऱ्या दाढीचा विद्यार्थी. अनुभवी माणूस म्हणून मला दिलं असावं.

जादू चालते ती अशी. छडी नाही, मंत्र नाही. प्रत्येक जादूला एक खरी गोष्ट मोजावी लागते. स्वतःबद्दलची, आजवर कुणाला न सांगितलेली, आणि सांगताना घशात अडकणारी. अडकली असं वाटलं तर इतरांनी मूठ वर करायची. जितक्या मुठी तितके फासे. गोष्ट आधीच माहीत असेल तर तळवा आडवा धरायचा, मग काहीच घडत नाही. आणि खोटी किंवा फुगवलेली असेल तर जादू सांगणाऱ्यावर उलटते.

नियमावली पान दोनपासून सुरू होते. मी लगेच पकडलं. पान एक कुठाय? मुलगी म्हणाली, आहे सुरक्षित ठिकाणी. ही खोकली.

आमच्या गावच्या शाळेत चार वर्ग एका खोलीत बसायचे. खरं बोललं की छडी, खोटं बोललं की दोन छड्या. त्यामानाने ही शाळा सोपी वाटते. मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही, तेव्हा माझ्याकडे साठा भरपूर असणार.

१७ मार्च, रविवार

गेममध्ये जिना तुटला. हिने शांतपणे सांगितलं, यांचा निळा स्वेटर हरवला नव्हता, मी देऊन टाकला, कारण त्यात हे पोस्टाच्या पेटीसारखे दिसायचे. तीन मुठी वर. एक माझीही, धक्क्याने गेली. ही उडत वरच्या मजल्यावर पोहोचली.

मेहुणा म्हणाला, मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही आणि सोळा वर्षं मी लोकांचे डोळे तपासतोय. भिंत बाजूला सरकली. लवंगी म्हणाली, प्रामाणिकपणावरच्या निबंधाला मला बक्षीस मिळालं तो निबंध मावसबहिणीने लिहिला होता. भलंमोठं झुंबर पेटलं.

माझी पाळी. मी म्हणालो, मी रोज पहाटे पाचला उठतो. माझ्या पात्राला गाढवाचे कान फुटले.

मी म्हणालो, मी नको इतका साधा माणूस आहे. पाय लाकडी झाले.

म्हणालो, मला राग कधी येतच नाही. हे म्हणताना टेबलावर हात आपटला गेला, तो योगायोग. दाढी गळून पडली आणि पाठ सपाट झाली. लवंगी म्हणाली, काका, तुम्ही स्टूल व्हायला लागलात.

निष्कर्ष: नियमांत गफलत आहे. पान एक मिळाल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

२२ मार्च

लॅबमध्ये वेळ काढून जादूची शास्त्रशुद्ध फेररचना केली. चौदा पानं. सत्याऐवजी वजन, तापमान आणि शुद्ध पाणी. मुलीला दिली. तिने वाचली. म्हणाली, बाबा, यात कुणाला काही सांगावंच लागत नाही. मी म्हणालो, तीच तर सुधारणा आहे. तिने पानं परत दिली.

पाकीट: सोमवारी नक्की.

२४ मार्च, रविवार

तळघराच्या दारापाशी पोहोचलो. दारावर लिहिलंय की हे दार सर्वांत जुन्या विद्यार्थ्याच्या सत्यानेच उघडेल. म्हणजे माझ्या. सगळे माझ्याकडे बघत बसले. गेममध्ये मेहुणा माझ्यावर बसूनच बघत होता.

म्हणालो, मी कधीकधी स्वतःपेक्षा दुसऱ्यांचाच जास्त विचार करतो. पात्राचा उरलासुरला चेहराही गेला. आता पूर्ण स्टूल. फक्त कान शिल्लक.

मुलगी म्हणाली, पुढच्या रविवारी शेवटची संधी. त्यानंतर शाळा कायमची बंद, सगळे आत.

आवरताना तिने विचारलं, बाबा, फॉर्म पोचला असेल का हो? मी म्हणालो, टपालखात्याचं काय सांगावं. ती बरं म्हणाली. ते बरं मला दिवसभर पुरलं.

२९ मार्च, पहाटे (साडेसहा)

कोनाड्यापाशी बसलो. देवाला म्हणालो, अठ्ठावीस दिवस झाले, तू काहीच ठरवलं नाहीस. मग वाटलं, पाकीट अठ्ठावीस दिवस त्याच्या पायाशी आहे, पण ठेवलेलं माझ्या हाताने. तो तरी कुठल्या हाताने उचलणार?

हा विचार मला आवडला नाही, पण लिहून ठेवतो.

३० मार्च, सकाळी ७.३०

टाकलं. सव्वासात वाजता. मागे कुणी नव्हतं. आत पडल्याचा आवाजही ऐकला. दोन दिवसांचा प्रवास. पाकिटाला सामान नसतं, ते त्याआधीच पोचेल. पाच तारखेच्या आत नक्की.

आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. फॉर्म गेला म्हणजे गेला. परतताना पाय हलके होते. गेममध्ये लाकडी आहेत, तो वेगळा विषय.

३१ मार्च, रविवार

घडलं ते क्रमाने लिहितो.

दारासमोर माझी पाळी आली. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्ही बोला, आम्ही हलत नाही. ही वाटाणे सोलत होती. मुलगी हातातले फासे नुसते फिरवत होती. मला वाटलं, आता फॉर्म गेलाच आहे, तर ते सांगायला हरकत नाही. धोका संपलेलं सत्य. म्हणालो, फॉर्म मी एक तारखेला टाकला नव्हता. कोनाड्यात कागदाखाली ठेवला होता.

घसा खरोखर अडकला. मुठी येतील म्हणून वाट पाहिली. तीन तळवे आडवे. हिने तर दुसऱ्या हाताने वाटाणे सोलणं थांबवलंही नाही.

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना. मेहुणा म्हणाला, भावोजी, मला तर दुकानात कळलं, गिऱ्हाईक समोर होतं. लवंगी म्हणाली, काका, मला माझ्या आईने सांगितलं. हिने सांगितलं की कागद बदलताना त्याच दिवशी सापडलं. मुलीने आतला फॉर्म काढून दुसऱ्या पाकिटातून सहा तारखेलाच टाकला, आणि जुनं पाकीट पुन्हा चिकटवून जागेवर ठेवलं.

मला राग आला. येतो, हे इथे नोंदवतो. ओरडलो, अहो पण काल मी टाकलं! सगळ्यांचे तळवे खाली आले.

मुलीने विचारलं, काय टाकलंत?

पाकीट. कोनाड्यातलं. काल, सव्वासातला.

वाटाणे थांबले. मग ही म्हणाली, अहो, त्यात फॉर्म नव्हता, पान एक होतं. गेमचं. आणि हसायला लागली, मग लवंगी, मग मेहुणा. त्याला तर खुर्ची धरावी लागली.

मुलगी हसली नाही. तिने विचारलं, खरंच टाकलंत? तुमचे तुम्ही? मी मान हलवली. तिची मूठ वर गेली. गोष्ट चालवणाऱ्याला मत नसतं, तरी गेली. मग बाकीच्या तीन.

तीन फासे मिळाले. एक, एक, दोन. महिनाभर अडवून ठेवलेलं सत्य, आणि दार चार बोटं उघडलं. स्टूल आत जाईना. लवंगीचा हात गेला. तिने घंटा वाजवली, तोंडाने, शेजारी येऊन बघून गेले इतक्या जोरात. सत्र संपलं. सगळे घरी गेले.

मला पुन्हा माणूस कोण करणार, हे मी विचारलं. मुलगी म्हणाली, तो नियम पान एकवर आहे.

१२ एप्रिल

काचकाम संस्थेचं पत्र. माझ्या नावे. सोबत पान एक, परत. ते असं:

१. फॉर्मबद्दल बाबा स्वतःहून सांगत नाहीत तोवर खेळ चालू ठेवायचा.
२. तोवर कुणीही हसायचं नाही.
३. आई, विशेषतः तू.
४. शेवटी बाबांना पुन्हा माणूस करायला विसरायचं नाही.

संस्था लिहिते, आपल्या कन्येचा अर्ज वेळेत मिळाला असून तिला प्रवेश दिला आहे. सोबतचं पान चुकून आलेलं दिसतं. आमच्याकडे जादू शिकवली जात नाही. तथापि, बाबांनी सांगितलं किंवा कसं, हे उलट टपाली कळवल्यास कार्यालयातील सर्वजण आभारी राहतील.

चौथ्या नियमाप्रमाणे मुलीने मला माणूस केलं. जेवताना, भात वाढता वाढता. कान मात्र राहू द्या म्हणाली ही.

माणूस झालो म्हणजे माणसासारखं वागणं आलं. एक गोष्ट शिल्लक आहे. हंस.

संकल्प: उद्या सांगणे.

२० एप्रिल

हंस: आज लॅबमध्ये फार काम. तीन नळ्या फुटल्या.

५ मे

हंस: ती झोपली होती. दुपारी चारला, पण झोपली होती.

१९ मे

हंस: विचार केला. हंस पाहूनच तिने काचेचा नाद धरला. चार वर्षं, दोन दिवसांचा प्रवास, सगळं त्या हंसावर उभं. आता सांगणं म्हणजे पायाखालची वीट काढणं. तिच्याच भल्यासाठी न सांगणे.

२६ मे

कालपासून कोनाड्यापाशी बसवत नाही. गुडघे, बहुतेक.

२ जून, संध्याकाळ

परवा गाडी. ती पेटी भरत होती. सगळ्यात शेवटी हंस घेतला आणि लोकरीच्या टोपीत गुंडाळायला लागली. मी दारात उभा होतो. तिथूनच सांगितलं. हंस मी केलेला नाही. दुकानातून आणला. मला काटकोन सोडून काही वाकवता येत नाही.

तिने टोपी उलगडली आणि हंस उलटा केला. पोटाखाली दुकानाची चिठ्ठी. पिवळी पडलेली, पण अक्षर वाचता येतं. म्हणाली, सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे, बाबा. आणि तळवा आडवा धरला.

विचारलं, मग सगळ्यांना का सांगत होतीस? म्हणाली, तुम्ही कधी सांगता ते बघत होते.

माहीत असलेली गोष्ट. नियमाप्रमाणे काही घडलं नाही. खोलीत अंधारून आलं होतं, साधा दिवाही पेटला नाही. तिने उठून बटण दाबलं आणि म्हणाली, पेटीची कडी सैल आहे, दोरी बांधा, आणि रजेचा अर्ज दिला नसेल तर उद्या द्या, जाताना दोन दिवस आणि येताना दोन.

दोरी बांधली. हंसाचं सांगून झालं, हे नोंदवून ठेवतो.