जखमेचा काठ

अण्णा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि काल तुम्ही आठवलात ते तुमच्या नातीच्या लॅपटॉपसमोर. जखम भरताना पेशी कशा सरकतात, यावर तिचं संशोधन चालतं. पडद्यावर पेशींचा एक थर मोकळ्या जागेकडे निघाला होता, एकमेकींना धरून. "यांचा नेता कोण?" मी विचारलं. ती हसली. "बाबा, तुम्हाला सगळीकडे सभाच दिसते. काठावरच्या पेशी पुढे ओढतात. तो ताण मागचीला जाणवतो, तिच्याकडून तिच्या मागचीला. त्यावरूनच कळतं कुठे जायचं. भाषण कुणी करत नाही." मग तिने पेशींमधले जोड तोडलेली दुसरी फिल्म लावली. प्रत्येक पेशी धावत होती, वाटेल तिकडे. जखम उघडीच.

आणि मी आठ वर्षांचा आहे, घाटकोपरच्या आपल्या चाळीत, मोरीच्या कठड्यावर. गुडघ्याची सुकलेली पट्टी मी हिसकून काढलीय, रक्त येतंय. तुम्ही पालिकेच्या इस्पितळात ड्रेसर, दिवसभर परक्यांच्या जखमा धुऊन आलेले. मारत नाही. मिठाच्या कोमट पाण्यात कापूस भिजवता. "झिला, काठाक हात लावू नको. कातडी काठावरून येता, मधी उगवत नाय."

मी मात्र जन्मभर मधोमध उभा राहून बोललो. पुनर्विकासाचे कागद आले तेव्हाही, गणपतीचा मांडव पडतो त्याच चौकात गरजलो: एकट्याने कुणी सही करायची नाही, करू ती सगळे एकाच दिवशी, इथेच. टाळ्या पडल्या. टाळ्यांनाच मी एकजूट समजलो. जगातल्या साऱ्या क्रांत्या त्यांना सांगितल्या, पण कुणाच्या उंबऱ्यावर बसून तुला काय ओढतंय हे विचारलं नाही. महिन्याभरात एकेक खोली सुटत गेली. आज चाळीच्या जागी पत्र्यांआड खड्डा आहे, पाणी साचलेला, काम बंद. कुणी दहिसरला, कुणी चेंबूरला, मी मुलुंडला भाड्याने. चाळीत समोर राहणाऱ्या काकू वारल्या ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. खांदा द्यायला चाळीतलं एकही माणूस नव्हतं.

परवा आपला भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी बाजारात भेटला. "भाषण झकास होतं रे तुझं," तो म्हणाला. "पण आपली भिंत पातळ होती. मला सकाळीच कळलं होतं. मग मीपण केली."

पहिली सही माझी होती, अण्णा. सभेच्याच सकाळी, घरात बसून. आधी करणाऱ्याला नव्या इमारतीत खालचा मजला मिळणार होता आणि हिचे गुडघे गेलेत. दुपारी मी चौकात उभा राहिलो.

सगळ्यांचे पत्ते आहेत माझ्याकडे. हे पत्र खरं त्यांना जायला हवं. पण ते उत्तर देतील, म्हणून तुम्हाला लिहिलं.