फ्रिजवरचे आबा

जळगाव, ३ एप्रिल २०२६

ती. रत्नाअक्कास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आबांच्या उत्तरकार्याला तू न जेवताच धुळ्याला निघून गेलीस, ते आईच्या मनाला लागलं आहे.

चूक माझीच. नव्या फ्रिजच्या पडद्यावर आबांचा फोटो मोठा, स्वच्छ दिसला, म्हणून तिथेच लावला. तुझ्या भावजयीने हँडलला हार घातला. मधूनमधून जाहिराती येतात हे ठाऊक होतं, पण दुःखाच्या घरात त्या थांबतील असं मी कसं धरून चाललो, कोण जाणे. शेजारचे लोटननाना हात जोडून, डोळे मिटून उभे, तेवढ्यात आबा गेले आणि आंब्याचं आइस्क्रीम आलं. नानांनी डोळे उघडून त्यालाच मनोभावे नमस्कार केला.

कंपनी म्हणते, जाहिरात बंद होत नाही. नेट काढलं तर फोटोही जातो. अक्का, या आखाजीला, अक्षय तृतीयेला, आबांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. लेक आल्याशिवाय भरणार नाही, असं आई म्हणते.

राग असू दे, पण ये.
तुझा ज्ञानेश्वर


देवपूर, धुळे, ८ एप्रिल

चि. ज्ञानेश्वर यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत.

मी आइस्क्रीमवर रागावले नाही. धरणगावला बियाण्याच्या कंपनीने आपल्या गल्लीतल्या सगळ्या भिंती जाहिरातींनी रंगवल्या. फुकट रंग मिळतो म्हणून लोकांनी रंगवू दिल्या. आबांनी मात्र माणसं परत पाठवली. भित मनी शे, कंपनीनी नही, एवढंच म्हणाले. त्या माणसाला तू जाहिरातींच्या रांगेत उभं केलंस. पैसे आपण मोजायचे आणि भिंत त्यांची! तो पडदा झाक, फोटो चौकटीत लाव. तोवर मी उंबरा चढणार नाही.

आईच्या गोळ्या चुकवू नकोस. माया आहे म्हणूनच बोलते.
रत्नाअक्का


जळगाव, १२ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. चौकटीतला फोटो भिंतीवर लावला, पडद्यावर टॉवेल टाकला. आईने तो काढला.

दुपारचा चहा झाला की ती खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसते. सांधेदुखीचं तेल, लग्नाच्या साड्या, नाशिकचे फ्लॅट, सगळं बघते. मी म्हटलं, आई, भिंतीवर आबा आहेतच की. तर म्हणाली, भितवरना फोटो तठेच ऱ्हास, आठे आबा जातस आनी परत येतस.

मी गच्चीवर जाऊन रडलो. पडदा झाकायचा असेल तर आईला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघतो.
ज्ञानेश्वर


देवपूर, धुळे, १५ एप्रिल

चि. ज्ञानेश्वर यास,
अ. उ. आ.

झाकू नकोस.

आबा कापूस घेऊन बाजाराला गेले की आई अशीच दाराकडे तोंड करून बसायची. तू लहान होतास, तुला आठवायचं नाही. मला आठवतं, आणि तरी मीच हट्टाला पेटले. माझं चुकलं.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. घागर आणून ठेव, तिच्यावर ठेवायचं खरबूज मी आणते. आईच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांड. जाहिरात लागली म्हणून या खेपेला मी उठून जाणार नाही.

तुझी अक्का