एका नावाच्या दोन मयती

माय, तू गेलीस त्याला वीसेक वर्षं झाली असतील, आणि त्याच्याही आधी तू एकदा गेली होतीस हे मला गेल्या महिन्यात कळलं. पुण्यातल्या तुझ्या नातीला वंशावळ करायचा नाद लागलाय. मी तोंडानं सांगितलेलं नाव ती लिहीत नाही. "पप्पा, सांगोवांगी नको, जन्माचा नाहीतर मरणाचा दाखला आणा," म्हणते. म्हणून आळंदला तहसीलीच्या रेकॉर्ड खोलीत गेलो. कारकून ओळखीचा, आपल्याच मिलची डाळ नेणारा. तुझी मयतीची नोंद त्यानं लगेच काढली. मग आणखी एका जुन्या पानावर बोट ठेवून हसला. "अण्णा, तुमची माय दोन बारी मेली की काय?" मीही हसलो. त्यानं ती उर्दूतली नोंद वाचून दाखवली. तेच गाव, तेच नाव, नवरा म्हणून अप्पांचं नाव, साल माझ्या जन्माच्या आधीचं. कारण जचगी, म्हणजे बाळंतपण. त्यापुढं आम्ही दोघं हसलो नाही.

तिथनं कमलनगरला आत्याकडं गेलो. अप्पांची ही बहीण नव्वदीला टेकली तरी जिभेनं शाबूत आहे. "इतक्या वर्सांनी कामून उकरायलास?" म्हणाली, आणि मग स्वतःच बोलत सुटली. अप्पांची पहिली बायको बाळंतपणात लेकरासकट गेली, वर्षानं तुला आणलं. लग्नात नाव बदलतातच, पण तुला मुद्दाम तिचंच दिलं, आणि ते तुझ्या कानात सांगितलं आत्यानंच. "पहिलीला वाटावं, आपणच नांदायलोत. मंग ती लेकरांना हात लावत न्हाई."

"आणि हिला काय वाटावं?"

"हिला कोण इचारतंय? खाऊनपिऊन बरी व्हती की."

निघताना तिनं तुझं माहेरचं नाव सांगितलं, तेही माझा कान ओढून, हळूच. "कागदावर चढवू नको बाबा. पहिलीला कळंल, आपल्या जागी दुसरीच व्हती म्हणून. घरात सून पोटुशी हाय न्हवं?"

गाडीत बसलो आणि तुझ्या गळ्यातला चांदीचा टाक आठवला. त्यावरची बाई देवी आहे असं तू सांगायचीस; ती पहिलीच असणार. मी सात-आठ वर्षांचा आहे, तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. ताटाच्या कडेला काढून ठेवलेला पहिला घास मी उचलून तोंडात टाकतो आणि पाठीत धपाटा बसतो. "दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लास?" मी विचारतो, "कुणाच्या?" तू परातीत बघत राहतेस. मी बाहेर ओट्यावर येतो, पण कान आतच असतात. "लेकरू हाय, न्हाई करायचं परत," असं तू हळू आवाजात कुणाला तरी सांगतेस. थांबतेस. मग ऐकून घेतल्यासारखं "व्हय" म्हणतेस. स्वयंपाकघरात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.

माझ्या कानांवर मी जगलो, माय. अडत्याचा आवाज जरा खाली आला की तुरीचा भाव पडणार हे ओळखायचो, त्यावरच मिल उभी केली. तरी घरातलं मला कळलं नाही. आजी नावानं हाक मारायची आणि तू पहिल्या हाकेला कधीच ओ दिली नाहीस, दुसऱ्या हाकेला द्यायचीस. तुला कमी ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो. परसात मांजर उतरलेलं मात्र तुला ऐकू यायचं. पहिल्या कमाईची इरकल साडी आणली, ती तू रात्रभर त्या टाकापुढं ठेवलीस. "तुझ्यासाठी आणलीया, देवीसाठी न्हाई," असं म्हणून मी फुगून बसलो. सकाळी बघतो तर साडीची घडी मोडलेली. तूच मोडली असशील.

त्या पुढच्या आठवड्यात औरादकडच्या तुझ्या माहेरगावी जाऊन आलो. तुझ्या जन्माची नोंद कुठंच नाही. म्हणजे कागदावर तू जन्मलीच नाहीस, आणि दोन्ही वेळा मेली ती पहिलीच. रेशनकार्डावर ती, मतदारयादीत ती, मोठ्या हौसेनं तुझं म्हणून मिलच्या पाटीवर रंगवलेलं नावही तिचं. तुझ्या मयतीच्या दाखल्यात नाव दुरुस्त करायचा अर्ज मी त्याच दिवशी लिहून काढला. आत्या बोलली ते तिचा जबाब म्हणून मीच लिहून जोडलं, सही केली. साधं काम आहे, कारकून घरी येऊन करून देईल.

सुनेला सातवा चालू आहे. दवाखाना चांगला, डॉक्टरीणबाई चांगली, सगळं ठीक आहे असं सांगतात. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही हे बाजारात कुणालाही विचार. काल पोरीचा फोन आला, "पप्पा, दिला का अर्ज?" मी म्हणालो, "सर्व्हर डाऊन हाय म्हणायलेत." तिनं विश्वास ठेवला. अर्ज कपाटात आहे. बाळंतपण होऊ दे, मग देऊ, असं ठरवतो, आणि मग वाटतं, लेकरू लहान असेल, तेव्हाही हात धजायचा नाही. तुला विचारलं असतं तर तू "राहू दे" म्हणाली असतीस, जन्मभर तेच म्हणालीस. तू तेच म्हणणार हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचाच मी फायदा घेतोय, माय.